मोठेपणी मानसिक आजाराचं नेमकं निदान आणि उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. २६व्या वर्षी माझ्या फाइलवर 'डिप्रेशन' लिहिलं गेलं. ३४व्या वर्षी कळलं की हा बायपोलर आहे, टाइप २, म्हणजे मन कधी खचण्याचा आणि कधी उसळण्याचा आजार. मधली आठ वर्षं मी चुकीच्या नावाची फाइल घेऊन फिरले. आता ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मलाच विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. खाली औषधांची नावं येतील. ती वाचून स्वतःच्या मनाने काही सुरू किंवा बंद करू नका.

जगणं नकोसं झालंय, पण अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर थांबू का?

थांबू नका. आत्ताच जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा, किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. कुणाला तरी सोबत घ्या, आणि घरातला गोळ्यांचा साठा त्यांच्याकडे देऊन टाका. तिथे गेल्यावर 'जरा अस्वस्थ वाटतंय' असं गुळमुळीत बोलू नका. 'जीव द्यावासा वाटतोय' हेच शब्द वापरा. डॉक्टर ते रोज ऐकतात, आणि बोलून दाखवल्याने तो विचार बळावत नाही. सलग काही रात्री झोप नाही आणि तरी अंगात प्रचंड जोर आहे, किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज येतायत, तर तेही इतकंच तातडीचं.

मला खरंच काही झालंय, की मी उगाच बाऊ करतेय?

हे ठरवून मग डॉक्टरकडे जायचं नसतं. ते ठरवायलाच जायचं असतं. डॉक्टर ढोबळमानाने दोन गोष्टी बघतात: हे किती दिवस चाललंय आणि त्यापायी काय अडलंय. डिप्रेशनच्या निकषांत नऊ लक्षणं आहेत. त्यातली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं यातलं एक तरी हवंच.

'काम तर नीट चाललंय माझं' हा पुरावा धरू नका. ते काम तुम्हाला केवढ्याला पडतंय ते बघा. एका वर्षी ऑफिसात माझं कौतुक झालं होतं. त्याच वर्षी मी रोज संध्याकाळी घरी येऊन बूट न काढता तासभर दाराशी बसून राहायचे.

आधी कुणाकडे जाऊ? मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ की समुपदेशक?

मानसोपचारतज्ज्ञ हे आधी वैद्यकीय डॉक्टर असतात. निदान करतात, गोळ्या लिहून देतात, रक्त तपासायला सांगतात. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, निदानाला हातभार लावतात आणि थेरपी देतात. गोळ्या सहसा देत नाहीत. समुपदेशक नात्यांतला ताण, शोक, कामाचा ताण अशा गोष्टींत उपयोगी पडतात, मात्र त्यांचं प्रशिक्षण किती झालंय यात खूप फरक असतो. बिनधास्त विचारा, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

माझं मत विचाराल तर त्रास जुना असेल, वारंवार उलटत असेल किंवा झोप-भूक पार विस्कटली असेल, तर पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची घ्या. त्यांच्याकडे गेलं म्हणजे गोळ्या घ्याव्याच लागतात असं नाही. ते मिळायला वेळ लागणार असेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. शरीराच्या तपासण्या तरी उरकतील.

त्रास मनाचा आहे, मग रक्त कशाला तपासायचं?

कारण शरीर मनाचं सोंग फार छान वठवतं. थायरॉइड मंदावलं की माणूस थकतो, सुस्तावतो, उदास होतो. तेच जास्त झालं तर छातीत धडधड, हात थरथरणं, जीव घाबरा होणं, म्हणजे हुबेहूब अँक्झायटी. बी-१२ची कमतरता, रक्तक्षय, पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतले हार्मोनचे चढउतार यांचंही तेच. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना दिवसभर थकवा आणि चिडचिड असते, आणि रात्री घोरतोय हे त्यांचं त्यांना ठाऊक नसतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मूड वर-खाली होतो. दारूचं तर विचारूच नका. किती पिता हे डॉक्टरांना खरं सांगा, आपण नेहमी सांगतो तो अर्धा आकडा नको. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते.

उलट बाजूही ऐका. डिप्रेशन, बायपोलर किंवा ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा त्याच क्रिया करायला लावणारा आजार) 'दाखवणारी' रक्ततपासणी किंवा मेंदूचा स्कॅन आजच्या घडीला नाही. तपासण्या इतर कारणं वगळण्यासाठी असतात. एका स्कॅनवर सगळं निदान करून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे खिशात ठेवा आणि बाहेर या.

इंटरनेटवर प्रश्नावली भरली, स्कोअर १७ आला. म्हणजे डिप्रेशन नक्की ना?

बहुधा पीएचक्यू-९ भरली असेल. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी व्हावी असा संकेत आहे, म्हणजे १७ ला डॉक्टर गाठायलाच हवा. पण ही चाळणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं एवढंच ती विचारते, ते कशामुळे झालं हे विचारत नाही. मी ती अनेकदा भरलीय आणि दर वेळी प्रामाणिकपणे. तिच्यात 'तुम्हाला कधी फारच छान वाटतं का?' असा प्रश्नच नाही.

पहिल्या भेटीत काय सांगायचं? तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं.

लिहून न्या. आपण डॉक्टरकडे जातो ते खचल्यावर, आणि खचलेल्या माणसाला आयुष्यभर आपण असेच होतो असं वाटतं. त्यात बरे दिवस आठवत नाहीत, आणि अती बरे दिवस तर तक्रार म्हणून मोजलेच जात नाहीत. डॉक्टरांना दिसतो तो फक्त त्या दिवशीचा माणूस. बाकीचा आपण न्यायचा असतो.

माझी आठ वर्षं इथेच गेली. वर्षातून एकदा-दोनदा माझे पाच-सहा दिवस असे यायचे की तीन-चार तासांची झोप पुरायची. रात्री अडीच वाजता मी पुस्तकांचं कपाट पुठ्ठ्यांच्या रंगांप्रमाणे लावत बसायचे. एकदा त्याच आठवड्यात तीन नव्या छंदांचं सामान मागवलं होतं, आणि वरिष्ठांना एका रात्रीत अकरा ईमेल पाठवल्या होत्या, प्रत्येकीत एक नवी योजना. मला वाटायचं, सुटले एकदाची, हीच खरी मी. जे सुख वाटतं ते कुणी डॉक्टरला सांगतं का? 'झोप कशी आहे?' असं विचारलं की मी 'ठीक' म्हणायचे. त्या आठवड्यात ती खरोखरच तक्रारीची गोष्ट नव्हती.

म्हणून कागदावर नुसती लक्षणं मांडू नका, काळ मांडा. एक आडवी रेघ ओढा, वयाप्रमाणे खुणा करा. कधी खचलो, कधी ठीक होतो, कधी गाडी सुसाट सुटली होती. झोपेचे तास, पैशांचा खर्च, नोकऱ्या, भांडणं, बाळंतपण, मोठी आजारपणं, सगळं त्या रेघेवर. कोणती गोळी, किती डोस, किती दिवस, आणि का सोडली. रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार, दारूचं व्यसन किंवा आत्महत्या. बहुतेक घरांत हे कुजबुजीत असतं, तरी विचारून घ्या. 'मामा जरा विक्षिप्त होता' याच्या मागे कधीकधी पूर्ण निदान दडलेलं असतं.

आणि ज्याची लाज वाटते ते कागदाच्या तळाशी लिहा, पण लिहा. ओसीडी असणाऱ्यांच्या डोक्यात नको ते विचार येतात, जवळच्या माणसाला इजा करण्याचे, किळसवाणे, पापी वाटणारे. ते विचार त्यांना हवेसे नसतात, त्यांचीच त्यांना दहशत असते. पण बोलायची चोरी, त्यामुळे वर्षानुवर्षं 'नुसती अँक्झायटी' म्हणून उपचार होत राहतात. जुन्या आघाताचंही तसंच. तुम्ही होऊन सांगितलं नाही तर घाईच्या ओपीडीत कुणी विचारेलच असं नाही.

घरच्या कुणाला सोबत न्यावं का?

शक्य असेल तर एका भेटीला तरी न्या. आपल्याला बाहेरून बघणारं माणूस हवं. कपाटाची गोष्ट डॉक्टरांना मी सांगितलेली नाही, माझ्या बहिणीने सांगितली. ती म्हणाली, "ताई अधूनमधून इतकी भराभर बोलते की मला फोन कानापासून लांब धरावा लागतो." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मग तिलाच प्रश्न विचारायला लागले.

मात्र घरचं माणूसच त्रासाचं कारण असेल तर नका नेऊ. आणि सोबत नेलं तरी पहिली दहा मिनिटं एकटीने बोलायला मागा. हा तुमचा हक्क आहे.

वीस मिनिटांत निदान झालं. हे बरोबर असू शकतं का?

असू शकतं. पॅनिक अटॅकसारख्या गोष्टी अनुभवी डॉक्टर पटकन ओळखतात. पण वीस मिनिटांत मागच्या वीस वर्षांबद्दल एकही प्रश्न आला नसेल, तर त्या निदानाला तात्पुरतं समजा. विचारायचे प्रश्न असे: हे कशावरून ठरवलंत? आणखी काय असू शकतं? ते नाही हे कशावरून? मला पूर्वी कधी उलट प्रकारचा काळ आला होता का हे तपासलंत का? नीट विचारलेल्या प्रश्नाला 'तुम्ही इंटरनेट फार वाचता' एवढंच उत्तर मिळालं, तर ते उत्तर नाही.

दोन डॉक्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली. एक तर चुकतोयच ना?

कदाचित. पण ही अडचण त्या दोघांपुरती नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या पेशंटांची तुलना झाली. न्यूयॉर्कचे डॉक्टर 'स्किझोफ्रेनिया' हे निदान कितीतरी जास्त वेळा करत होते. संशोधकांनी दोन्हीकडे एकाच ठरलेल्या पद्धतीने मुलाखती घेतल्या, तेव्हा फरक बराचसा मिटला. पेशंट सारखेच होते, मोजपट्ट्या वेगळ्या होत्या.

पुढे निकष लेखी आणि काटेकोर झाले, तरी प्रश्न संपलेला नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या चाचण्यांत एकाच पेशंटला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलं. पूर्ण एकमत म्हणजे १ आणि निव्वळ योगायोग म्हणजे ० अशा मापावर पीटीएसडीला (मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या त्रासाला) ०.६७ मिळाले, आणि ज्याला आपण साधं समजतो त्या डिप्रेशनला अवघे ०.२८. कारण उदासी ही बऱ्याच आजारांची सामायिक गल्ली आहे, तिथून कुठेही जाता येतं.

म्हणून मतं वेगळी आली तर दोघांना आपापली कारणं विचारा आणि कागदावर शेजारी शेजारी ठेवा. बरेचदा एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला आपण सांगितलेलीच नसते. तिसरं मत घ्यायला हरकत नाही. पाचवं-सहावं घ्यायला लागलात तर मात्र निदान शोधताय की आवडतं उत्तर, हे स्वतःला विचारा.

डिप्रेशनचं निदान बदलून बायपोलर झालं. एवढा फरक पडतो का?

उपचारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बायपोलरच्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसतं अँटिडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरचं औषध, दिलं, तर काहींचा मूड उसळून मॅनियाकडे, म्हणजे ताबा सुटलेल्या उसळीकडे, जातो. काहींच्या बाबतीत आजाराचे फेरे वाढतात. काहींना नुसता उपयोग होत नाही, आणि मग गोळ्या बदलत राहतात.

टाइप १ मध्ये पूर्ण मॅनिया असतो, किमान आठवडाभराचा किंवा हॉस्पिटलात न्यायला लावणारा. तो सहसा लपत नाही. टाइप २ मध्ये असतो हायपोमॅनिया, त्याचाच सौम्य प्रकार, किमान सलग चार दिवसांचा. तो बाहेरून उत्साहासारखा दिसतो, त्याला शाबासकीही मिळते, आणि तो निसटतो. आजाराची सुरुवात डिप्रेशनने होणं नेहमीचंच आहे, त्यामुळे पहिल्या वेळी कुणालाच कळायचा मार्ग नसतो. माझ्या पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. तिसऱ्यांवर आहे. तोवर चार गोळ्या फसल्या होत्या, आणि 'निदानच वेगळं असेल का' हा प्रश्न तेव्हा कुणीतरी विचारायला हवा होता. योग्य डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही दोन औषधं फसली, की तुम्हीच तो विचारा.

आता मी लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्याचा मॅनियावरचा उपयोग १९४९ साली मांडला. औषध जुनं आहे, भरवशाचं आहे, पण लाडाकोडाचं नाही. रक्तातली पातळी ठरावीक पट्ट्यात ठेवावी लागते, शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं, किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवायचं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीनेही ती पातळी चढू शकते, म्हणून डोकं दुखलं तरी आधी विचारून घेते.

चाळिशीत एडीएचडी किंवा ऑटिझम कसा काय निघतो?

तो चाळिशीत होत नाही, चाळिशीत सापडतो. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावळेपणा) निकषांत काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा अशा वेळी सोन्याच्या मोलाचा. दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली विशेष निसटतात. ऑटिझममध्ये कित्येक जण इतरांचं बघून बोलणं, हसणं, डोळ्यांत बघणं पाठ करतात, आणि ते सोंग वठवून संध्याकाळी गळून जातात.

२०१३ पर्यंत डीएसएमच्या नियमांप्रमाणे ही दोन निदानं एकाच माणसाला देताच येत नव्हती. आता येतात. मात्र लक्ष न लागणं अपुऱ्या झोपेनेही होतं, अँक्झायटीनेही आणि डिप्रेशननेही, त्यामुळे दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून 'हा तर मीच' वाटलं तरी तपासणी नीट करून घ्या.

गोळ्या कधी लागू पडतात? सवय लागते का?

अँटिडिप्रेसंटचा फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. ओसीडीत डोस सहसा जास्त लागतो आणि वाट आठ ते बारा आठवडे पाहावी लागते. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात हजर असतो: मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा. म्हणून लोक नेमक्या चुकीच्या वेळी गोळ्या सोडतात. लैंगिक इच्छा कमी होणं हाही नेहमीचा दुष्परिणाम आहे. डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. सांगा, यावर मार्ग असतात. पंचविशीच्या आतल्यांनी सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढतायत का यावर खास लक्ष ठेवायला हवं.

व्यसन लागतं ते वेगळ्या गोळ्यांचं, म्हणजे अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्यांचं. काही आठवड्यांतही शरीर त्यांना सरावतं. त्या 'झोपेची साधी गोळी' म्हणून घरात फिरत राहतात हे मला फार धोक्याचं वाटतं. अँटिडिप्रेसंटची तशी तल्लफ येत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. उतरायचं ते पायरी पायरीने.

थेरपी म्हणजे नुसत्या गप्पाच ना?

नुसत्या गप्पा होत असतील तर थेरपिस्ट बदला. ओसीडीसाठी ईआरपी नावाची थेरपी असते: ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर हळूहळू उभं राहायचं आणि हात धुण्यासारखी क्रिया करायची नाही. आघातासाठी आघातावर बेतलेल्या पद्धती आहेत, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत जुनी आठवण हाताळायची) त्यातली एक. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीसाठी, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जातात त्या आजारासाठी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी डीबीटी ही भावना हाताळायला शिकवणारी थेरपी उभी केली. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, बहुधा बारा ते वीस सेशनांची असते. निदान नेमकं हवं ते याचसाठी. ओसीडीच्या माणसाला 'काही होणार नाही' असा धीर देत राहणं म्हणजे आगीत तेल, आणि प्रेमळ थेरपिस्टही हे करू शकतो. पाच-सहा सेशनांनंतर आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर त्यांनाच विचारा.

मला नाव चिकटवून घ्यायचं नाही. निदानाशिवाय उपचार होत नाहीत का?

थोडेफार होतात. पण मराठीत 'निदान' म्हणजे 'किमान'सुद्धा, आणि मला तो अर्थ जास्त पटतो: निदान एवढं तरी कळलं. ते नाव तुमच्या फाइलीचं आहे, कपाळावर गोंदायचं नाही. पटलं नाही तर पुन्हा तपासून घेता येतं.

ऑफिसात सांगावं का?

गरजेपुरतं. 'तब्येतीसाठी औषध चालू आहे, सकाळच्या मीटिंगा अवघड जातात' एवढ्यावर बरंच भागतं. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

आता बरं वाटतंय. गोळ्या बंद करू?

बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे की आजार ओसरल्यामुळे, हे आतून कळत नाही. डिप्रेशनच्या पहिल्या खेपेत पूर्ण बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने औषध चालू ठेवतात, पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्याहून बरंच जास्त. बायपोलरमध्ये हिशेब वर्षांचा असतो. मी एकदा स्वतःच बंद केल्या होत्या. तेव्हा मला फारच छान वाटत होतं, कपाट लावून झालं होतं.

जुन्या फाइली फेकून दिल्या तर चालतील?

अजिबात नको. निदान बदलतं तेव्हा त्याच कामाला येतात. माझी पहिली फाइल मी चौतिसाव्या वर्षी पुन्हा उघडली. वर तारीख, खाली चार ओळी, आणि त्यातल्या एका ओळीत डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात: 'झोप – ठीक.'